चष्म्याचा नंबर जाऊ द्या, कागद मात्र हातात राहू द्या

लग्नसराई जवळ आली किंवा सरकारी भरती निघाली की नेत्ररुग्णालयांच्या जाहिरातींना ऊत येतो. 'दहा मिनिटांत चष्म्यापासून सुटका', 'ब्लेडविरहित', 'फ्लॅपविरहित' अशी विशेषणे फलकांवर झळकू लागतात. चष्म्याला कंटाळलेला तरुण किंवा तरुणी चौकशीला गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमच्याकडे मशीन कोणते? मग मशीनच्या नावावर पॅकेज ठरते, पॅकेजवर हप्ता ठरतो आणि जितके मशीन नवे तितका डोळा सुरक्षित, असा समज पक्का होतो. हा समज तपासून पाहायला हवा. लेझरच्या अचूकतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. आज ज्या थोड्या लोकांचे बिघडते, त्यांच्या बाबतीत चूक बहुतेकदा लेझर सुरू होण्याआधीच झालेली असते. हा डोळा या शस्त्रक्रियेला योग्य होता का, हे ठरवतानाच गफलत झालेली असते. म्हणून रुग्णाने मशीनच्या नावाऐवजी आपल्या डोळ्याची मापे मागावीत आणि ती लेखी देणे रुग्णालयांवर बंधनकारक असावे.

आधी लेझरचे श्रेय लेझरला देऊ. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टर ताकदीपैकी 43 च्या आसपास ताकद एकट्या कॉर्नियाची असते आणि त्याची मध्यभागची जाडी सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याची गोलाई किंचित बदलली तरी चष्म्याचा नंबर बदलतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे इग्नासियो बाराकेर यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच हे हेरले होते. ते कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा डोळ्यावर बसवत. कल्पना बरोबर होती, हत्यार ओबडधोबड होते. नेमके हत्यार मिळाले ते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम तिथे एक्सायमर लेझरवर काम करत होते. नोव्हेंबर 1981 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेले टर्कीचे हाड आणि कूर्चा श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत आणली. हिरव्या लेझरने ती करपली. 193 नॅनोमीटरच्या अतिनील एक्सायमर लेझरने मात्र तिच्यावर स्वच्छ, काटकोनी खाच पडली आणि बाजूचा भाग जसाच्या तसा राहिला. या प्रकाशाच्या एकेका कणात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे पेशीजाल जळत नाही, त्याचे रेणू सुटे होऊन उडून जातात आणि उष्णता शेजारी पसरायला वेळच मिळत नाही. एका ठोक्याला सुमारे पाव मायक्रॉन थर निघतो. 1983 मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत हे तंत्र कॉर्नियावर वापरून दाखवले आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नंबर घालवण्यासाठी या लेझरला मान्यता दिली.

पुढची प्रगतीही खरी आहे. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, उचलून त्याखाली लेझर चालवतात. पूर्वी हा पापुद्रा यांत्रिक पात्याने कापत, आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग, इतका छोटा याचा ठोका. तो कॉर्नियाच्या पोटात ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडा उठवतो आणि अशा लाखो बुडबुड्यांच्या रांगेने, टपाल तिकिटांच्या भोकांसारखा, थर सुटा होतो. इतके छोटे आणि इतके तीव्र ठोके शक्य झाले ते जेरार मुरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांच्या 1985 च्या शोधामुळे, ज्याला 2018 चे नोबेल मिळाले. स्माइल या पद्धतीत तर पापुद्राही उचलत नाहीत. आतच भिंगाच्या आकाराची चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढतात. लॅसिक करताना डोळा हलला तर यंत्र ते टिपून किरणाची जागा बदलते, फारच हलला तर थांबते. नासाने 2007 पासून लॅसिक झालेल्या अंतराळवीरांनाही परवानगी दिली आहे. तेव्हा 'लेझरने डोळे जातात' ही चावडीवरची भीती बाळगण्याचे कारण नाही.

पण लेझर सांगितलेले काम करतो. काय सांगायचे ते माणूस ठरवतो, आणि इथे एक साधे गणित आडवे येते. किती थर काढावा लागेल याचा अंदाज देणारे एक जुने सूत्र आहे. लेझर जेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर चालवायचा त्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, त्याला नंबराने गुणा, तीनने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येते. समजा, दोघांचाही नंबर उणे 8 आहे आणि वर्तुळ साडेसहा मिलिमीटरचे आहे. दोघांचा प्रत्येकी सुमारे 113 मायक्रॉन थर जाणार. फ्लॅपचे 110 मायक्रॉन धरले तर 223 मायक्रॉनला हात लागला, कारण उचललेला पापुद्रा परत ठेवला तरी तो पूर्वीसारखा भार पेलत नाही. आता एकाचा कॉर्निया 560 मायक्रॉनचा असेल तर खाली 337 मायक्रॉन भक्कम थर उरतो. दुसऱ्याचा 490 मायक्रॉनचा असेल तर उरतात 267. पूर्वी 250 ही किमान मर्यादा धरत, आज अनेक शल्यविशारद 280 ते 300 च्या खाली जायला तयार नसतात. टक्केवारीत पाहिले तर पहिल्याचा चाळीस टक्क्यांच्या आत भाग बदलला, दुसऱ्याचा पंचेचाळीसहून जास्त, आणि चाळीसच्या पुढे धोका वाढतो असे अभ्यास सांगतात. मशीन तेच, नंबर तोच, डॉक्टरही तेच, तरी एकाला होकार देणे योग्य आणि दुसऱ्याला नकार. दुसऱ्यासाठी वर्तुळ सहा मिलिमीटरवर आणून 17 मायक्रॉन वाचवता येतात, पण मग अंधारात बाहुली त्या वर्तुळापेक्षा मोठी झाली की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलये दिसू शकतात. वाचवलेल्या मायक्रॉनची किंमत रात्रीच्या नजरेने मोजावी लागते.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा असतो आकार. काही डोळ्यांचा कॉर्निया मुळातच कमजोर असतो, तारुण्यात तो हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. याला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीच्या टप्प्यात त्याची काहीच लक्षणे नसतात, फक्त नंबर आणि सिलिंडर वाढत राहतो, म्हणजे नेमका तोच माणूस चष्म्याला वैतागून लेझरच्या दारात उभा राहतो. अशा डोळ्यातून आणखी थर काढला तर कॉर्निया फुगत जातो आणि नजर अशी वेडीवाकडी होते की चष्म्यानेही सुधारत नाही. लॅसिकनंतर कॉर्निया असा फुगल्याचे रुग्ण 1998 मध्ये थिओ झायलर यांनी वैद्यकीय जगासमोर मांडले. पुढे त्यांच्याच चमूने रुजवलेल्या, बी-2 जीवनसत्त्व आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराने हा बिघाड बऱ्याचदा थांबवता येतो, पण गेलेला आकार परत येत नाही. महाराष्ट्राने याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. नागपूरजवळच्या गावांमध्ये झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशीपुढच्या सुमारे 2.3 टक्के लोकांचा कॉर्निया केराटोकोनसच्या निकषात बसण्याइतका तीव्र वळणाचा आढळला. तो निकष ढोबळ होता आणि खरा आकडा कमी असू शकतो, हे मान्य. तरीही हा आजार आपल्याकडे अपवादात्मक मानून चालणार नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. शस्त्रक्रियेआधी कॉर्नियाच्या पुढच्याच नव्हे, मागच्या पृष्ठभागाचाही नकाशा काढतात तो यासाठीच, कारण पहिली खूण अनेकदा मागे उमटते. आणि हा नकाशा खरा यायचा तर कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस आधी काढून ठेवावी लागते, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. काल रात्रीपर्यंत लेन्स वापरणाऱ्याला 'आज तपासणी, आजच शस्त्रक्रिया' अशी सोय देणे ही सोय नव्हे, घाई आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लॅसिक केलेल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोक समाधानी असतील तर एवढी चिकित्सा कशाला? हा आकडा खोटा नाही. तो एफडीएने अमेरिकी नौदल आणि राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या सहभागाने केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातलाच आहे. त्याच अभ्यासात, आधी वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांनी तीन महिन्यांनी यातला निदान एक त्रास नव्याने सुरू झाल्याचे नोंदवले. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवू लागला. त्याचे कारण उघड आहे. कॉर्नियात मज्जातंतूंचे दाट जाळे असते, फ्लॅप कापताना ते तुटते, आणि तुटले की अश्रू सोडण्याचा निरोप मंदावतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चष्म्याने किंवा लेन्सने ज्यांना आधीच असे त्रास होते, त्यांतल्या अनेकांचे ते शस्त्रक्रियेने कमी झाले आणि त्रासामुळे रोजचे काम खूप अडले अशांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. म्हणजे समाधान आणि त्रास एकाच माणसात नांदू शकतात. पण या अभ्यासातला सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळा आहे. लोकांनी डॉक्टरांना तोंडी जेवढे त्रास सांगितले, त्याच्या दुपटीहून अधिक त्रास प्रश्नावलीच्या कागदावर नोंदवले. डॉक्टरसमोर बसल्यावर 'ठीक आहे' म्हणणारा रुग्ण कागदावर खरे लिहितो. त्यामुळे 'आमच्याकडे कुणाची तक्रार नाही' हे रुग्णालयाचे म्हणणे प्रामाणिक असूनही अपुरे असू शकते.

'चांगले डॉक्टर हे सगळे करतातच की,' हा दुसरा आक्षेप. करतात, आणि रोज कितीतरी जणांना नकारही देतात. नंबर वर्षभर स्थिर नसेल, वय कोवळे असेल, गर्भधारणा असेल, डोळे कोरडे असतील तर थांबायला सांगतात. मुद्दा वाईट डॉक्टरांचा नाहीच, रचनेचा आहे. एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेत विमा कंपनीचा माणूस निदान कागदपत्रे तरी मागतो. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळण्याची मुभा विमा नियामकाच्या नियमांतच आहे. त्यामुळे बहुतेक लोक खिशातून पैसे भरतात आणि रुग्ण व रुग्णालय यांच्यामध्ये तिसरी नजर उरत नाही. चौकशी करणारा आजारी नसतो, तो ग्राहक म्हणून आलेला असतो, आणि नकार मिळाला की शेजारच्या रुग्णालयात जातो. नकार देणाऱ्या डॉक्टरचे उत्पन्न बुडते, होकार देणाऱ्याचे वाढते. असा बाजार असेल तिथे सचोटी केवळ व्यक्तीच्या स्वभावावर सोडून चालत नाही. भरतीच्या दडपणाखालच्या मुलांचे तर विचारूच नका. लॅसिक झालेला उमेदवार रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदाला अपात्र ठरतो, तर सैन्यदलांतल्या काही जागांसाठी वय, कॉर्नियाची जाडी आणि शस्त्रक्रियेनंतरचा कालावधी पाहून त्याचा विचार होतो. ज्या नोकरीसाठी डोळा कापून घेतला, त्याच नोकरीचे दार त्यामुळे बंद झाले, ही शक्यता समुपदेशनाच्या खोलीतच कळायला हवी.

तिसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रुग्णाच्या संमतीची चौकट घालून दिली. उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगून घेतलेली संमतीच खरी, असे त्यात म्हटले. पण फार दुर्मिळ धोके सांगण्याची गरज नाही, कारण घाबरून रुग्ण आवश्यक उपचारच नाकारेल, असेही त्यात आहे. यावर बोट ठेवून 'एवढे सगळे सांगायची गरज काय' असे विचारता येते. मात्र त्या युक्तिवादाचा आधार 'आवश्यक उपचार' हा आहे. अपेंडिक्स फुटायला आलेला माणूस घाबरून पळाला तर जिवावर बेतेल. चष्मा लावून व्यवस्थित दिसणारा माणूस घाबरून घरी गेला तर तो चष्मा लावून व्यवस्थितच पाहील. जिथे न करण्याने काहीच बिघडत नाही, तिथे सांगण्याची जबाबदारी वाढते. शिवाय कोरडेपणा आणि रात्रीची वलये दुर्मिळ मुळीच नाहीत. एफडीएनेही 2022 मध्ये लॅसिकसाठी रुग्णाच्या हाती द्यायच्या निर्णय-तपासणी यादीचा मसुदा काढला तो याच विचाराने.

स्माइलसारख्या नव्या पद्धतींनी हा वाद संपतो, असेही सांगितले जाते. फ्लॅप नसल्याने कमी मज्जातंतू तुटतात आणि कोरडेपणा तुलनेने कमी राहतो, हे खरे. पण थर तिथेही निघतोच, जाडीचे गणित तिथेही लागू होतेच, आणि अयोग्य डोळ्यात स्माइलनंतरही कॉर्निया फुगल्याच्या नोंदी आहेत. नवे तंत्र चुकीच्या निवडीची भरपाई करत नाही. आणि कोणतेही तंत्र घेतले तरी चाळिशी चुकत नाही. ती नैसर्गिक भिंगाच्या ताठरपणामुळे लागते, कॉर्नियाशी तिचा संबंध नाही. उणे नंबरवाला चाळिशीनंतर चष्मा काढून पेपर वाचू शकतो, नंबर घालवलेल्याला मात्र वाचायला चष्मा लावावा लागतो. तिशी उलटून गेलेल्याने हा हिशेब पैसे भरण्याआधी करावा.

कागदाचा आग्रह धरण्याचे सर्वांत मोठे कारण पुढच्या काळात आहे. बाविसाव्या वर्षी लॅसिक केलेल्याला साठीनंतर मोतीबिंदू होण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा डोळ्यात कोणत्या ताकदीचे भिंग बसवायचे हे कॉर्नियाची वक्रता मोजून ठरवतात, आणि नेहमीचे उपकरण लेझर झालेल्या कॉर्नियाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते. त्यावर विसंबले तर भिंग कमी ताकदीचे बसते आणि माणूस अधिक (प्लस) नंबरचा होऊन बाहेर येतो. अलीकडची सूत्रे जुन्या नोंदींशिवायही ही चूक बरीच कमी करतात, पण जुनी मापे हाती असली तर पडताळा मिळतो, आणि गावच्या शिबिरात मोतीबिंदू करून घेणाऱ्याला अद्ययावत यंत्र मिळेलच असे नाही. काचबिंदूचेही तेच. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो आणि वेळीच सावध होण्याची संधी हुकू शकते. आता यावर आपला नियम पाहा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यास 72 तासांत द्यायच्या. ज्या मापांची गरज चाळीस वर्षांनी लागणार, ती जपण्याची सक्ती तीन वर्षांची, आणि तीही दाखल रुग्णांपुरती. लॅसिकचा रुग्ण तर तासाभरात घरी जातो.

उपाय मोठा नाही. शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाला मराठीत एक पान द्यावे. त्यावर आपला नंबर आणि तो किती काळ स्थिर आहे, कॉर्नियाची सर्वांत कमी जाडी आणि मूळ वक्रता, किती मायक्रॉन जाणार आणि किती उरणार, अंधारात बाहुली किती मोठी होते आणि वर्तुळ केवढे घेतले, अश्रूंच्या चाचणीचा निकाल, हे सगळे असावे. सोबत कॉर्नियाच्या नकाशाची तारखेसह प्रत असावी. नकार दिला असेल तर त्याचे कारणही लिहून द्यावे, म्हणजे दुसरीकडे गेलेला रुग्ण ते लपवू शकणार नाही आणि दुसरा डॉक्टर ते टाळू शकणार नाही. शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्षात किती थर काढला याची नोंद त्यात भरावी. ही सारी मापे यंत्रे आजही काढतातच, त्यामुळे खर्च वाढेल या ओरडीत दम नाही. छापायला एक कागद लागतो, आणि आयुष्मान भारत डिजिटल खात्यात तोच कायमचा ठेवता येतो. महाराष्ट्रात रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे, त्याच्या नियमांत एवढी भर घालणे सरकारला अवघड नाही, आणि त्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांच्या संघटना हे आजच सुरू करू शकतात.

'सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचे आकडे तोंडपाठ असलेली घराघरांतली माणसे आठवावीत. आकडा हाती आला की माणूस विचारतो, विचारले की समजते. उरलेल्या थराचा आकडा 270 आहे की 340, हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही. आणि एकालाही तो कळला नाही असे धरले तरी कागद वाया जात नाही, कारण तो दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो. आपला निर्णय उद्या कुणी तिसरा तपासू शकेल, एवढी जाणीवही निर्णय घेणाऱ्याला सावध करते. चौकशीला जाणाऱ्यांनी नियम येईपर्यंत थांबू नये. मशीनचे नाव विचारण्याआधी मापांचा कागद मागावा, आणि तो द्यायला जिथे खळखळ होईल तिथे पैसे भरू नयेत. तपासणीचे पैसे घेऊन एखाद्या डॉक्टरने 'तुमच्या डोळ्याला हे झेपणार नाही' असे सांगितले तर पैसे फुकट गेले असे समजू नये. या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाचा सल्ला तोच असतो.